काय गिळलं, केवढं आणि कधी

मथूकाकूंनी उभ्या आयुष्यात एकाही कुत्र्याला हात लावला नव्हता, आणि कॅम्पापासून बदलापूरपर्यंतच्या पट्ट्यात कुत्र्याच्या पोटात काय चाललंय हे त्यांच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मी सहा वर्षं त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहिले आहे, तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

यात तिसरी गोष्ट अशी की त्यांचे यजमान दिगूकाका गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते आणि ते कुत्र्याला भीत. भीत म्हणजे किती, तर अडलेल्या म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून रेडकू ओढून काढणारा हा माणूस, गल्लीत वीतभर पिल्लू दिसलं की ओट्यावरच्या स्टुलावर चढायचा. कुणी पाहिलंच तर म्हणायचा, "घड्याळाला किल्ली द्यायची राहिली होती." त्या भिंतीवर घड्याळ नव्हतं. खिळासुद्धा नव्हता.

मी लग्न होऊन अंबरनाथला आले तेव्हा सिंधी निर्वासितांना येऊन दोन-तीन वर्षं झाली होती. लढाईत सोल्जरांसाठी बांधलेल्या बराकींत त्यांनी संसार मांडले होते. त्या वस्तीचं नाव उल्हासनगर झालं, तरी आम्ही आपले कॅम्पच म्हणायचो. आमच्या ह्यांची काडेपेटीच्या कारखान्यात नोकरी, दोन खोल्यांचं घर, आणि शेजारी मथूकाकू. पहिल्याच दिवशी मी शेगडी पेटवत होते तोच शेजारच्या ओट्यापुढे गलका ऐकू आला. डोकावून पाहते तर खरवईचा एक शेतकरी भला थोरला कुत्रा बगलेत धरून उभा.

"काकू, माज्या वाघ्यानी सुतली गिलली. येवढी येवढी शेपटी तोंडातून लोंबते. वढू का?"

"खबरदार ओढशील तर," आतून आवाज आला, आणि पाठोपाठ काकू आल्या. ठेंगण्या, गोऱ्या, नऊवारीचा काचा घट्ट मारलेला, हातात वेळूची लांब काठी. ओट्याच्या खाली रांगोळीची एक रेघ ओढलेली होती. कुत्रा रेघेपलीकडे, काकू रेघेअलीकडे. काठीनं त्यांनी आधी शेतकऱ्याला बसायची जागा दाखवली.

"तू बस. तुला धाप लागलीय, त्याला नाही. आता सांग, काय गिळलं, केवढं आणि कधी?"

हे त्यांचे तीन प्रश्न. यांची उत्तरं मिळाल्याशिवाय त्या चौथा शब्द बोलायच्या नाहीत, मग समोर कुत्रा लोळो की मालक लोळो. वाघ्याचा मालक म्हणाला, कोंबडीचे पाय बांधलेली सुतळी होती, हातभर असेल, सकाळी गिळली. काकूंनी मान हलवली.

"परकराची नाडी ओढली की काय होतं? चुण्या पडतात ना? आत एक टोक अडकलेलं असलं आणि तू हे ओढलंस, तर आतड्याच्या तशाच चुण्या पडतील आणि नाडी कापावी तसं आतडं कापेल. बाहेरचं टोक कातरीनं आखूड कर, त्याच्या पायात येईल एवढं ठेवू नकोस, आणि आत्ताच्या आत्ता मुंबईला जनावरांच्या मोठ्या इस्पितळात ने. इथं बसून वाट बघायचं हे काम नाही."

तो बिचारा गवताच्या ट्रकवर बसून गेला. आठ दिवसांनी वाघ्या पोटाला टाके घालून परत आला, आणि त्याच्यामागून काकूंच्या ओट्यावर भोपळा आला, काकड्या आल्या, वालाच्या शेंगा आल्या. मला पहिल्याच आठवड्यात फुकटची भाजी मिळाल्यामुळे शेजार चांगला आहे असं मी माहेरी कळवून टाकलं.

हे ज्ञान त्यांना आलं कुठून, असं मी एकदा विचारलं. त्यांचे वडील दक्षिणेतल्या एका छोट्या संस्थानात सलोत्री होते, म्हणजे घोड्याकुत्र्यांचे वैद्य. शिकारखान्याची भिंत आणि यांच्या परसाची भिंत एक. आई कडक सोवळ्याची, कुत्र्याचा वारा लागला तरी आंघोळ. मग ही मुलगी लग्न होईपर्यंत रोज त्या भिंतीवर पाय सोडून बसायची आणि पलीकडे वडील कुत्र्यांच्या घशातून काय काय काढतात ते बघायची. "बघायला विटाळ नसतो," काकू म्हणायच्या. "डोळे काय धुवायला लागत नाहीत."

काकांची भीतीही लहानपणचीच. सातव्या वर्षी कुत्रा चावला आणि पोटात चौदा सुया घेतल्या. त्यानंतर जगातली सगळी कुत्री आपल्याच पोटरीच्या शोधात निघालेली आहेत असं त्यांचं ठाम मत झालं. म्हणजे बघा, एकाला भीती आणि एकीला सोवळं. त्या घरात कुत्र्याला हात लावणारं माणूसच नव्हतं, आणि कुत्र्यांची रांग कधी हटत नव्हती. काका खिडकीच्या आतून औषधाची पुडी काठीच्या टोकाला अडकवून द्यायचे आणि खिडकी लावून घ्यायचे.

काकूंची खरी करामत म्हणजे जोड. "गिळलं त्याची जोड आणा" हे वाक्य तर अख्ख्या पट्ट्यात म्हणीसारखं झालं होतं. लोकांना केवढं ते सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. हातातली वस्तू लहान दिसते आणि हरवलेली मोठी. म्हणून जे पोटात गेलं त्याच्यासारखं दुसरं घेऊन या, मी डोळ्यानं बघते. मग काय, लोक आणायला लागले. लहान मुलाचा बूट गिळला की दुसरा बूट. सोंगटी गिळली की उरलेला अख्खा डाव. आमच्या गल्लीतले एक पेन्शनर तोंडावर उपरणं धरून आले आणि काही बोलेनात. त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, टिप्यानं मामंजींची वरची कवळी पळवलीय. काकू म्हणाल्या, जोड? सूनबाईंनी पदराखालून वाटी काढली. वाटीत खालची कवळी होती.

काकूंनी ती काठीनं इकडून तिकडून फिरवून पाहिली. "याला तारेचे आकडे आहेत. ओकवायचं नाही. जाताना एकदा ओरबाडलंय, येताना पुन्हा ओरबाडेल." सुई, टाचणी, काच, तार, सगळ्याला हाच नियम. कुणी मिठाचं पाणी पाजलं असं कानावर आलं की त्यांची काठी कुत्र्याऐवजी मालकाकडे वळायची. मग त्यांनी सूनबाईंना घरी जाऊन आधी कोनाडे शोधायला पाठवलं. कवळी खाटेखाली निघाली, चघळलेली, पण बाहेर. पेन्शनरांनी ती उकळून घेतली आणि पुढं कित्येक वर्षं तिनंच जेवले. मला मात्र त्यांच्या पंगतीला बसायचं जिवावर यायचं.

आणि कारखान्याचे साहेब. मोटारीतून आले होते, बरोबर दांडगा विलायती कुत्रा. पायमोजा गिळला म्हणाले. काकूंनी जोड मागितली, साहेबांनी पायातला काढून दिला. तो काठीवर धरून काकू म्हणाल्या, लोकरीचा आहे, कुत्रा मोठा आहे, खातोय-पितोय, खेळतोय. तीन दिवस वाट बघा. ओकायला लागला, पोट धरून वाकायला लागला, अन्न नको म्हणाला, तर थांबू नका, थेट मुंबई. नाहीतर मागून येईल. "पण बघायला पाहिजे, आला की नाही ते."

"शिपाई बघेल," साहेब म्हणाले.

"मोजा कुणाचा? ज्याचा गेला त्यानं शोधायचा. शिपाई दुसऱ्या दिवशी सांगेल आला म्हणून, आणि तुम्ही निर्धास्त राहाल."

तीन दिवस बंगल्याच्या बागेत साहेब छत्रीची काठी घेऊन कुत्र्यामागून फिरत होते. आमच्या ह्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तिसऱ्या दिवशी दुपारच्या भोंग्याच्या वेळी साहेब ऑफिसात आले ते हसत, आणि कुणालाही न विचारता म्हणाले, "आला." पुढं तो मोजा धुऊन वापरात आला की नाही हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

असं सगळं मजेत चाललं होतं, आणि मग एके दिवशी काकांच्या खात्याचे मोठे साहेब आले. कॅम्पात कुत्री फार झाली होती. पिसाळलेलं कुत्रं चावल्याच्या तक्रारी होत्या. चार महिन्यांनंतर दवाखान्यात दर मंगळवारी आणि शुक्रवारी कुत्र्यांना टोचायला आणि तपासायला लागायचं असं ठरलं, आणि ते काम कंपाउंडरनं करायचं. साहेब काकांना म्हणाले, "तुमच्या घरी तर कुत्र्यांची रांग असते असं ऐकलंय. तुमच्यासारखा माणूस मिळाला हे आमचं भाग्य."

काकांनी मान डोलावली. साहेब गेल्यावर ते स्टुलावर जाऊन उभे राहिले, आणि या खेपेला गल्लीत एकही कुत्रा नव्हता.

"नोकरी गेली, मथू," ते म्हणाले. "पहिल्याच मंगळवारी मी सगळ्यांसमोर टेबलावर चढणार. वीस वर्षांची नोकरी. लोक हसतील आणि साहेब घरी पाठवतील."

काका असं बोलले की काकूंना ऐकवत नसे. जेवणात मीठ जास्त झालं तरी निमूट जेवणारा हा माणूस. काकूंनी त्यांना खाली उतरवलं, चहा दिला, आणि पुढच्याच सोमवारपासून सोळा सोमवार धरले. यांची कुत्र्याची भीती जाऊ दे, एवढंच मागणं. दिवसभर उपास, संध्याकाळी अंबरनाथाच्या देवळात जाऊन बेल, मग चुर्म्याचा प्रसाद. मला म्हणाल्या, "सुधे, माझ्याकडून काही चूक झाली, सोवळं मोडलं, तर फळ नाही. चार महिने सांभाळायचंय."

पण काकू काही नुसत्या देवावर टाकून बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. देवाचं देव करील, आपलं आपण करावं. त्यांनी एक लोड घेतला, जुन्या गोधडीत गुंडाळला, सुतळीनं चार पाय बांधले, चिंध्यांचे कान शिवले, आणि तोंडाच्या जागी मोठा अडकित्ता बसवला. असा तो कुत्रा ओट्यावर ठेवून त्या रोज दुपारी काकांची शिकवणी घ्यायच्या.

"वरच्या जबड्यावरून हात टाका. ओठ त्याच्याच दातांवर दाबा, म्हणजे मिटताना स्वतःला चावेल. हं. आता आत बघा, बोटं वाकवा, आकड्यासारखी. पुढं ढकलायचं नाही काही, गुंतलेलं आणखी खाली जाईल."

काका घामाघूम. समोर अख्खी गल्ली दळण-निवडण घेऊन बसलेली. आठ-दहा दिवसांनी काका अडकित्त्यात बोट घालायला सरावले, तेव्हा काकू म्हणाल्या, आता खऱ्यासारखं करू. आणि त्या दाराआड जाऊन भुंकल्या. काय सांगू तुम्हाला, असं भुंकल्या की तीन घरांपलीकडची कुत्री उत्तरं द्यायला लागली. काका एका उडीत स्टुलावर, बोटाला अडकित्ता तसाच लोंबतोय, आणि अडकित्त्याला लोड. मी इतकी हसले की माझे निवडलेले तांदूळ परत सुपात मिसळले.

एक सोमवार, दोन सोमवार करता करता सोळा झाले. सतरावा उद्यापनाचा. पाच शेर कणकेचा चुर्मा करायचा होता, भटजी येणार होते, गल्लीला प्रसादाचं आमंत्रण होतं. आणि दुसऱ्या दिवशी मंगळवार, काकांचा कुत्र्यांचा पहिला दिवस. काका सकाळपासून पाणीही नीट पीत नव्हते. लोडाचा कुत्रा त्यांना आता पाठ होता, पण लोड चावत नाही हे त्यांनाही कळत होतं.

दुपारचे चार वाजले असतील. काकू सोवळ्याचं रेशमी नेसून चुलीपुढे. मी उंबऱ्याबाहेर बसून केळीची पानं कापत होते. तुपातल्या कणकेचा असा वास सुटला होता की मला उपास नसून उपास वाटायला लागला. आणि गल्लीच्या टोकाकडून देवीबाईंची हाक आली.

देवीबाई कॅम्प चारमधल्या. पापडाची टोपली डोक्यावर घेऊन आमच्याकडे यायच्या, एकट्याच होत्या, आणि त्यांच्यामागे कप्तान नावाचा तपकिरी कुत्रा. सोल्जर गेल्यावर तो रिकाम्या बराकीत उरला होता. देवीबाई सिंधमधून आल्या तेव्हा दारात शेपटी हलवणारं तेवढंच कुणी होतं. घरदार तिकडं राहिलं होतं. पलंगही राहिला होता, त्याच्या खांबांवरचे लाखेच्या रंगाचे चार लाकडी गोळे तेवढे गाठोड्यातून आले होते. आमच्या गल्लीच्या टोकाच्या सुताराकडून त्यांनी साधा पलंग करून घेतला होता आणि ते गोळे त्यावर बसवायला घेऊन आल्या होत्या. सुतार बोलत राहिला, आणि कप्ताननं खेळता खेळता एक तोंडात घेतला.

त्या धावत आल्या. सुतारानं कुत्रा हातांवर आणला होता. तो रेघेपलीकडे टाकला आणि सुतार मागं सरला. कप्तान मान ताणून उभा राहायला बघत होता, तोंडातून लाळ, पंज्यांनी स्वतःचा गळा ओरबाडतोय, आणि आवाज नाही. जीभ जांभळी पडत चालली होती.

"अदी," देवीबाई काकूंना म्हणाल्या. त्या त्यांना बहीणच म्हणायच्या. "इसका दम अटक गया. ये देख, मैं जोडी लायी." आणि त्यांनी मूठ उघडली. मुठीत मोठ्या लिंबाएवढा लाल-पिवळा गोळा होता. एवढ्या घाईतही त्या जोड घेऊन आल्या होत्या.

काकू दारात आल्या. त्यांनी गोळा पाहिला, कुत्रा पाहिला, आणि तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्यांना न विचारता मिळाली.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुम्ही."

काका स्टुलावर होते.

"देवीबाई, वरचा जबडा धरा. दोन्ही हातांनी. सुतार, तू धर." सुतार म्हणाला, मला पोरंबाळं आहेत. देवीबाईंनी धरला, पण त्यांचे हात लाळेनं निसटत होते, आणि त्या रडत होत्या. काकूंनी काठीनं दाखवलं, इथं धरा, तिथं धरा. कप्तानचे मागचे पाय लुळे पडायला लागले.

मी काकूंकडे पाहिलं. मला माहीत होतं त्या काय मोजत असतील. सोळा सोमवार, चार महिने, आणि उद्याचा मंगळवार. रेघ ओलांडली की सगळं गेलं. काकू आत गेल्या. मला वाटलं संपलं. पण त्या कढई चुलीवरून उतरवायला गेल्या होत्या, चुर्मा करपू नये म्हणून. कढई उतरवली, काचा खोचला, ओट्यावरून खाली आल्या, रांगोळीवर पाय देऊन पलीकडे गेल्या आणि मातीत मांडी घालून बसल्या. कप्तानचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं, सोवळ्याचा रेशमी पदर हाताला गुंडाळला आणि जबडा धरून उघडला. इतकं सरळ, की रोज हेच करत असाव्यात.

"अहो, माझे दोन्ही हात गुंतलेत," त्या म्हणाल्या. "तिसरा तुमचा."

काका कसे उतरले मला दिसलं नाही. मला दिसलं तेव्हा ते गुडघ्यांवर बसलेले होते, चेहरा पांढराफटक, डोळे गच्च मिटलेले आणि हात पुढं.

"डोळे उघडा. ती म्हैस नाहीये. देवीबाई, गळ्याखालून वर दाबा, बाहेरून. हं, अजून वर. दिसला. अहो, कडेनं बोटं घाला, ढकलू नका. आकडा करा. मागून धरा त्याला."

काकांनी त्या खऱ्या, ओल्या, दात असलेल्या तोंडात हात घातला. ओठ पुटपुटत होते. एकदा बोटं सटकली. दुसऱ्यांदा सटकली. तिसऱ्यांदा गोळा असा सुटून आला की तो उडून सुताराच्या कपाळावर बसला. सुतार 'मेलो' म्हणून खाली बसला आणि कप्ताननं श्वास घेतला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. भात्यात हवा शिरावी तसा.

कप्ताननं आधी काकूंच्या सोवळ्यावर दुपारचं सगळं ओकून टाकलं आणि मग त्यांना हनुवटीपासून कपाळापर्यंत चाटलं. कुंकू पार पुसलं. काकू तशाच बसल्या होत्या. देवीबाई त्यांच्या गळ्यात पडून सिंधीत काय काय बोलत होत्या. काका स्वतःच्या हाताकडे बघत होते, बोटं मोजत असावेत. आणि मला हसू फुटलं ते थांबेचना. मग काकूंना फुटलं, मग देवीबाईंना. रडत होतो की हसत होतो कुणास ठाऊक.

नेमके त्या वेळी भटजी आले. मातीत यजमानीण, मांडीवर कुत्रा, सोवळ्यावर ओकारी. त्यांनी छत्री मिटली आणि म्हणाले, "मथूताई, व्रत मोडलं."

"मोडलं," काकू म्हणाल्या. "चुर्मा देवाला चालायचा नाही ना?"

"छे छे."

"मग आम्हाला चालेल. सुधे, पानं मांड."

पाच शेरांचा चुर्मा गल्लीनं खाल्ला, कॅम्पातली माणसं बोलावून त्यांनी खाल्ला, सुतारानं कपाळावरचं टेंगूळ दाखवून दोनदा मागून घेतला. भटजी घरी गेल्यासारखं करून मागच्या दारानं आले आणि पुडी बांधून घेऊन गेले. कप्तानला मात्र त्या दिवशी काकूंनी पाण्याखेरीज काही देऊ दिलं नाही, घसा सोलवटलाय म्हणाल्या. आणि त्या गोळ्यावर दातांच्या खुणा पडल्या होत्या, तो देवीबाईंनी तसाच पलंगावर बसवला, उशाकडच्या बाजूला.

दुसऱ्या दिवशी मंगळवारी काका दवाखान्यात गेले. संध्याकाळी आले ते शीळ घालत. अकरा कुत्री टोचली म्हणाले, एकही चावलं नाही. स्टूल त्या आठवड्यात आमच्याकडे आलं, माझा हात फडताळाच्या वरच्या फळीला पोचत नसे म्हणून. काकूंनी पुढच्या सोमवारपासून पुन्हा पहिला सोमवार धरला. मी म्हटलं, आता मागणं काय? म्हणाल्या, "मागून झालंय. देवानं आधीच दिलं, मग आपण मागाहून करायला नको?" आणि पुरे सोळा केले, उद्यापनासकट. या खेपेला कुणाच्या कुत्र्यानं काही गिळलं नाही. गल्लीनं दिवसभर आपापली कुत्री बांधून ठेवली होती.

काकांचं नाव झालं. तीन वर्षं मंगळवार-शुक्रवार त्यांनी चुकवला नाही. कुत्र्यांवर हात बसलेला माणूस म्हणून खात्यानं त्यांना बढती दिली आणि नाशकाला बदली केली. निघायच्या दिवशी सामान बैलगाडीनं आधीच स्टेशनवर गेलं होतं. काका बाहेर लोकांचा निरोप घेत होते, आणि मी आणि काकू रिकाम्या खोलीत केर काढत होतो. मी म्हटलं, "काकू, तुमच्या सोमवारांनी काकांचं कल्याण केलं हो. कसे भीत होते, आणि कसे धीट झाले."

काकूंनी केरसुणी थांबवली आणि दाराकडे बघून आवाज उतरवला.

"कुठले धीट, सुधे? अजून भितात. तसेच, तितकेच."

मी केराची सुपली खाली ठेवली.

"त्यांचे सदरे कोण धुतं? मंगळवारचा आणि शुक्रवारचा सदरा मी धुवायला घेते तेव्हा मला कळतं. पाठ, बगला, सगळा मिठानं कडक. त्या दोन दिवशी सकाळचा चहा उतरत नाही, आणि न्हाणीत दार लावून रामरक्षा म्हणतात दोनदा. त्यांना वाटतं पाण्याच्या आवाजात मला ऐकू येत नाही."

"मग तुम्ही बोलत का नाही?"

"बोलून काय करू? मला कळलं नाही असं समजूनच ते जातात. कळलं म्हटलं तर कुणासाठी जातील?" त्यांनी पदरानं डोळे पुसले, आणि हसल्याही. "शंकराला मी म्हटलं होतं, यांची भीती घालव. तेवढं काही त्याच्यानं झालं नाही. पण मी ते दुसरे सोळा सोमवार आनंदानं केले बरं का. असा माणूस मला दिला होता, ते सोमवार त्याबद्दलचेच समज."

बाहेरून काकांनी हाक मारली. मी त्यांच्याबरोबर ओट्यापर्यंत आले. काका पुढं झाले, हातात पिशवी, छाती काढून. काकू त्यांच्या डाव्या हाताला चालत होत्या, प्रवासाचं स्वच्छ लुगडं नेसलेल्या, लोणच्याची बरणी नीट बांधली की नाही यावर काहीतरी बोलत. गल्लीच्या टोकाला, सुताराच्या दुकानापुढे, उजव्या बाजूला एक अनोळखी काळा कुत्रा आडवा पडला होता. तो उठून बसला. काकांचं पाऊल एवढंसं अडखळलं. लांबून बघणाऱ्याला कळलंही नसतं.

काकू बोलणं न थांबवता त्यांच्या मागून उजवीकडे आल्या आणि कुत्रा आणि काका यांच्या मधून चालायला लागल्या. लुगड्याचा काठ त्या कुत्र्याच्या नाकाला घासून गेला. बरणीचं बोलणं तसंच चालू होतं, आणि काका मान वर करून सरळ पुढं गेले.